मृगाआधी शिडी लाव

बापू, मोझरीचं घर पाडून स्लॅब टाकायचा नाही, आहे तेच उभं ठेवायचं, असं तू फोनवर म्हणालास आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. आनंदानंच. पस्तीस पावसाळे मी त्या घरात काढले. कवेलू फेरून घेतली, भिंती पोतारल्या, नाल्या उपसल्या, आणि करायच्या तेवढ्या चुकाही केल्या. कोणती चूक कुठल्या भिंतीवर आहे, ते अजून हात लावून दाखवू शकते. त्या तुला नव्यानं कराव्या लागू नयेत म्हणून हा कागद. लहानपणी तू ऐकायचास कमी आणि ‘का?’ जास्त विचारायचास, म्हणून प्रत्येक गोष्टीमागं कारणही लिहिलं आहे.

आधी घर ओळख. खाली काळ्या दगडाचं जोतं, खांडकी घडवून लावलेली. त्यावर छातीएवढी दगडाची भिंत, वर पांढऱ्या मातीची. मधल्या खोलीवर धाबा. ओसरीवर आणि मागच्या स्वयंपाकघरावर कवेलू. खांब, सरे, चौकटी सागाच्या. दगड आपल्या पायाखालचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा, माती गावठाणातली. सिमेंटचा एक कणही त्या घरात मूळचा नाही. म्हणून त्याचा स्वभाव तुझ्या पुण्याच्या फ्लॅटसारखा नाही. फ्लॅट पाण्याला बाहेर ठेवतो. हे घर पाणी थोडं पितं आणि वाऱ्यावर वाळवून टाकतं. एवढं कळलं की निम्मा कानमंत्र झाला.

१. कवेलू वैशाखातच फेरून घे – मृग लागतो ७ जूनच्या सुमारास, आणि आभाळ भरून आलं की अख्ख्या गावाला एकाच दिवशी कवेलू फेरणारा माणूस हवा असतो.

२. पन्नासेक जास्तीची कवेलू परसात उभी रचून ठेव – नवी आता सहज मिळत नाहीत, पडलेल्या घरांची मागून आणावी लागतात.

३. छपरावर पापड-कुरड्या वाळत घालायच्या नाहीत, आमच्या सूनबाईलाही सांग – वांदर एक कुरडी नेतं आणि दहा कवेलू फोडतं.

४. पहिला मोठा पाऊस आला की बॅटरी घेऊन घरभर फिर आणि जिथं ठिपकतं तिथं खडूनं खूण कर – उन्हात सगळीच घरं कोरडी दिसतात. आणि ठिपकतं त्याच्या डोक्यावरच कवेलू फुटलेलं असेल असं नाही. पाणी वाशावरून चार हात चालत येतं, तेव्हा वरच्या अंगाला शोध.

५. धाब्यावर नवी माती टाकायची तर आधी जुनी तेवढीच खरवडून उतरव – गळतं म्हणून दरवर्षी नुसता थर चढवत गेलं तर खालचे सरे मुकाट्यानं सोसत राहतात, आणि एक दिवस सोसत नाहीत.

हे जरा थांबून सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. ती घरं आपल्यासारखीच, दगड-मातीची, वर मातीचं माळवद. वर्षानुवर्षं थरावर थर चढून काही माळवदं दीड-दोन फूट जाड झाली होती. आणि भिंती आतून दुहेरी: बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, मधे डबर आणि माती. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा दगडच नव्हता. धक्का बसला तसे पदर सुटे होऊन बाहेर आणि आत कोसळले, आणि वरचं ओझं सरळ खाली आलं. आपल्या घराची भिंतही तशीच दुहेरी आहे. म्हणून पुढचा मुद्दा गवंड्याला वाचून दाखव.

६. दगडी भिंतीचा कुठलाही तुकडा उतरवून पुन्हा बांधलास, तर उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर एक आरपार दगड बसवून घे – तोच दोन्ही पदरांचा हात हातात देतो. गवंडी म्हणेल एवढा लांब दगड कुठून आणू. तर दोन दगड एकमेकांवर अर्धे चढवून बसवले तरी चालतात, नुसतं डबर भरलेलं चालत नाही.

७. धाब्याला काळी माती लावू नको, कोणी फुकट दिली तरी – काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पांढरी भेगाळत नाही. आपल्या जुन्या माणसांनी शेताला ‘काळी’ आणि गावाला ‘पांढरी’ उगाच म्हटलं नाही.

८. पांढरीसाठी गावच्या गढीला हात लावू नको. परसातली पडकी भिंत भिजवून तीच माती वापर – भिंत पडली तरी माती मरत नाही, आणि गढी एकदा टोपल्या-टोपल्यानं शेतात गेली की परत येत नाही. वऱ्हाडात किती गढ्या अशा खतासारख्या पसरल्या गेल्या, ते बघून जीव तुटतो.

९. धाब्याची पन्हाळं पावसाळ्यात दर आठवड्याला हात घालून साफ कर – निंबाची चार पानं अडकली की धाब्याचं तळं होतं. पन्हाळाचं तोंड भिंतीपासून निदान हातभर पुढं हवं, म्हणजे धार भिंतीला चाटत नाही.

१०. धाब्यावर पाण्याची टाकी ठेवायची नाही – हजार लिटर म्हणजे एक टन, आणि तो टन चोवीस तास एकाच जागी बसून असतो. टाकी परसात, वेगळ्या चौथऱ्यावर.

आता भिंतीचं. ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून सगळ्यात जास्त शब्द.

ओसरीच्या उजव्या हाताच्या भिंतीला मी बाहेरून सिमेंटची छपाई करून घेतली होती. दरवर्षी पोतारायचा त्रास वाचेल असं वाटलं. गुळगुळीत दिसली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाखाणली. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर बोट वाजवलं तर आवाज पोकळ. गणपतीच्या दिवसांत परातीएवढा पापुद्रा खाली आला. उलटा करून बघितला तर त्याच्या पाठीला चार बोटं ओला चिखल चिकटलेला, आणि भिंतीत तेवढाच खड्डा. सिमेंट पाणी अडवतं असं आपल्याला वाटतं. केसाएवढ्या चिरेतून ते आत शिरतंच, खालून जोत्यातूनही चढतं, आणि सिमेंट त्याला बाहेर मात्र जाऊ देत नाही. मातीची भिंत ओली होते आणि वाळते. तिचं वाळणं बंद केलं की ती आतल्या आत चिखल होते.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी दगडी घरं चुन्या-मातीत बांधलेली. गेल्या शतकात लोकांनी त्यांचे सांधे सिमेंटनं भरले. ओल कोंडली आणि दगडांचेच पापुद्रे सुटायला लागले. आता तेच लोक सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरतात. जुन्या इमारती जपायला विल्यम मॉरिसनं १८७७ साली तिथं एक संस्था काढली. तिचं सांगणं आपल्या आजीच्या सांगण्यापेक्षा वेगळं नाही: नवं करायला जाऊ नका, वेळच्या वेळी डागडुजी करा. ज्या भिंतीला श्वास, तिला शंभर वर्षांची आस.

११. दगडाच्या सांध्यांना चुना, मातीच्या भिंतीला माती – भिंतीपेक्षा टणक मलम लावलं की भिंत हरते. उरलेलं सिमेंट घणानं ठोकून काढू नको; जे पोकळ वाजतं तेवढंच छिन्नीनं हलक्या हातानं उचल.

१२. कळीचा चुना विझवताना चुना पाण्यात सोड, पाणी चुन्यावर ओतू नको. डोळ्यांना चष्मा आणि पोरं लांब – तो उकळून उडतो, आणि डोळ्यात गेलेला चुना थट्टा नाही.

१३. विझवलेला चुना निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू दे – न विझलेला एखादा खडा भिंतीत गेला तर महिन्यांनी फुगतो आणि वरचा थर फोडून बाहेर येतो.

१४. चुन्याचं काम दिवाळीनंतर काढ आणि आठवडाभर ओल्या पोत्यांनी झाकून ठेव – चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होतो. चैत्राच्या उन्हात तो आधीच वाळून जातो आणि मग नुसती पूड राहते.

१५. गाऱ्यात गव्हाचं कुटार घाल, सात-आठ दिवस मुरव, रोज पायांनी तुडव – कुटार मातीला धरून ठेवतं, भेगा पडू देत नाही. सूनबाईचे पायही एक दिवस गाऱ्यात लागू दे, घर लवकर आपलं होतं.

१६. गाऱ्याला पाणी गोडच वापर – दर्यापूर-भातकुलीकडं, खारपाणपट्ट्यात, विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं केलेल्या भिंतीवर मीठ फुलतं आणि भिंत भुसभुशीत होते. कुठं लोणा लागलाच तर धुऊ नको, कोरड्या कुंच्यानं झाडून सुपात घेऊन लांब टाक – धुतलं की तेच मीठ पुन्हा आत.

मातीच्या घराला कमी समजणारे भेटतील. त्यांना सेवाग्राम दाखवून आण, आपल्यापासून फार लांब नाही. १९३६ साली तिथं गांधीजींसाठी घर बांधायचं ठरलं तेव्हा त्यांची अट होती, खर्च शंभर रुपयांच्या आत आणि सामान आसपासचंच. माती, बांबू, कवेलू. त्याच वर्षी आपले तुकडोजी महाराजही तिथं महिनाभर राहून आले होते. तिथल्या कुट्या अजून उभ्या आहेत, कारण त्यांच्यावर कोणाचा तरी हात फिरत असतो.

आता जोतं. पाणी पाहुणं बरं, भाडेकरू नको.

१७. जोत्याभोवतीची दीड हात जागा मोकळी आणि बाहेर उतरती ठेव – काळा दगड पाणी फारसं पीत नाही, पण त्याच्या सांध्यातली माती पिते, आणि तिथूनच ओल वर चढते.

१८. कूलर भिंतीला टेकून ठेवू नको. स्टँड दोन हात लांब आणि खाली नाली – चार महिने टपटपणारं पाणी एका पावसाळ्याएवढं काम करतं. माजघराच्या खिडकीखालची ती फुगलेली भिंत कूलरनंच खाल्ली, पावसानं नाही.

१९. घरापुढून सिमेंटचा रस्ता व्हायचा असला तर काम सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन सांग की जुना थर खोदून मग नवा टाका – दर वेळी रस्ता वीतभर उंच होतो आणि एक दिवस आपलं जोतंच रस्त्याखाली जातं.

२०. न्हाणी आणि संडास घराच्या आत घेऊ नको, मागं पडवीला लागून पक्क्या विटांची वेगळी बांध – मातीच्या भिंतीत दडवलेला नळ गळायला लागला की कळतं तेव्हा भिंत बसलेली असते.

२१. घरासमोरची नाली रोज सकाळी स्वतः झाड, माणूस लावू नको – तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आपल्या मोझरीत गुरुकुंज आश्रम उभा केला आणि पुढं ग्रामगीतेत गावाच्या सफाईला, आरोग्याला वेगळं स्थान दिलं. मोझरीत राहून नाली तुंबलेली शोभत नाही. शिवाय रोज वाकणाऱ्यालाच जोत्याची नवी चीर दिसते.

२२. भेग दिसली की घाबरू नको आणि लगेच बुजवूही नको. तिच्यावर आडवा चुन्याचा टिळा लावून तारीख लिही – टिळा वर्षभर अखंड राहिला तर भेग जुनी आहे, तडकला तर घर हलतंय. आपल्या भागात काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळं काही भेगा जूनमध्ये मिटतात आणि मेमध्ये उघडतात. त्यांना मातीनंच भर.

२३. सांध्यात पिंपळ-उंबराचं रोप दिसलं की दोन पानांचं असतानाच उपट – अमरावतीचा परकोट बघ, दगड दोनशे वर्षं टिकला, त्याला छळतात ती झाडं. रोप मोठं झालं असेल तर ओढू नको, दगड घेऊन बाहेर येईल. बुंध्याशी कापून मूळ वाळू दे, मग दगड सैल करून काढ.

लाकडाचं थोडक्यात. साग चिवट आहे, त्याला फार लाड लागत नाहीत.

२४. खांबाखालचे तळखडे उघडे ठेव, फरशी वाढवत त्यांच्यावर नेऊ नको – खांबाचा पाय ओल्या जमिनीपासून उचलून धरणं एवढंच त्या दगडाचं काम आहे.

२५. दर अमावास्येला बॅटरीनं खांबांच्या मागची बाजू बघ – उधई दार वाजवत नाही. मातीची एक बारीक रेघ वर चढलेली दिसते, तेवढीच तिची चाहूल. रेघ दिसली की खालची ओल शोध, नुसतं औषध मारून थांबू नको.

२६. दारं-चौकटींना दोन वर्षांतून एकदा जवसाचं तेल दे, ऑइलपेंट नको – रंगाखाली लाकूड कुजलं तरी दिसत नाही, तेलाखाली दिसतं. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोनाड्यात ठेवू नको, दोरीवर उघडी वाळव. जवसाचं तेल वाळताना तापतं. मी ठेवलेल्या बोळ्यातून एकदा धूर निघाला होता. वेळेवर दिसला म्हणून चौकट वाचली.

२७. मागच्या स्वयंपाकघरात महिन्यातून एकदा तरी निंबाच्या पाल्याचा धूर कर – चुलीच्या धुरानं वरचे बांबू काळे पण निरोगी राहायचे. गॅस आला आणि भुंग्यांना मोकळं रान मिळालं.

२८. विजेच्या जुन्या तारा लाकडावरून गेल्या आहेत, त्या पहिल्याच महिन्यात बदल, पाइपात घाल – पाण्यानं घर पडायला वर्षं लागतात, आगीला एक रात्र.

२९. उन्हाळ्यात सकाळी आठला दारं-खिडक्या लाव, सूर्य बुडाला की सगळं उघड – बाहेर ४५ अंश असले तरी दीड हाताची भिंत तापायला संध्याकाळ होते, आणि रात्रभर वारा लागला की ती पुन्हा थंड होते. दिवसा उघडून ठेवलंस तर एसी मागशील, मला माहीत आहे तू.

३०. माजघरातल्या छताजवळचे झरोके ‘डास येतात’ म्हणून बुजवू नको, जाळी लाव – गरम हवा तिथूनच जाते, आणि तिच्यासोबत ओलही.

३१. घर कुलूपबंद ठेवू नको. महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात लाखोंनी माणसं येतात, तेव्हा आपल्या ओसरीवर चार सतरंज्या टाकायची पद्धत तुझ्या आजोबांपासून आहे, ती सुरू कर – पावसाळा नुकता संपलेला असतो, घर झाडलं जातं, दारं उघडतात, बंगई हलते. माणसाचा वावर असलेलं घर आणि बंद घर, दोन वर्षांत बघून ओळखू येतं.

३२. दुरुस्तीला सुरुवात करण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढ आणि सगळ्या चुलत भावंडांना एकत्र बसवून चहा पाज – चार हिश्शांच्या भांडणात पडलेली घरं मी पावसात पडलेल्या घरांपेक्षा जास्त बघितली. कोणाचं काय ते कागदावर लिहा, मग कवेलूला हात लाव.

३३. गवंडी निवडताना त्याचं नवं काम बघू नको, दहा वर्षांपूर्वी केलेली दुरुस्ती बघ – नवी छपाई सगळ्यांचीच छान दिसते. चुन्या-मातीचं काम येणारा म्हातारा मिळाला तर त्याच्या हाताखाली गावातलं एक तरुण पोरगं ठेव आणि मजुरी तू दे. वर्षभरात तुला गावातच माणूस मिळेल.

३४. एक वही कर. कोणत्या वर्षी कुठं गळलं, काय लावलं, किती दिवस टिकलं – माझं सगळं डोक्यात राहिलं, म्हणून आज एवढं लिहावं लागलं.

एवढं सगळं एका वर्षात करायला जाऊ नको. पहिल्या वर्षी छप्पर आणि नाल्या, बस. पाणी थांबलं की भिंत दोन वर्षं वाट बघते. माझे गुडघे आता शिडीवर चढू देत नाहीत, पण ओसरीवर बसून बोटानं दाखवता येतं. वैशाखात सात-आठ दिवसांसाठी मला न्यायला ये. शिडी गोठ्याच्या मागच्या भिंतीला उभी आहे. तिची खालून तिसरी पायरी हलते, ती आधी बदलून घे.